हारपलेली गाय आणि एक पाटी

ओल्या पाटीचा वास आला की मला स्वातंत्र्याआधीचा घोडेगावचा गुरांचा बाजार आठवतो. तिथल्या शाळेत मी तिसरीला शिकवत होते आणि पोरं प्रत्येक गोष्टीला एकच विशेषण लावत: आंबा चांगला, विहीर चांगली, मारकुटा बैलसुद्धा चांगलाच! एका बाजाराच्या दिवशी वर्गातली एक मुलगी रडत आली, "बाई, आमची गाय हारपली!" मी तिला दवंडीवाल्याकडे नेलं. त्यानं विचारलं, "कशी हाय गं गाय?" ती हुंदके देत म्हणाली, "चांगली हाय." लोक हसले. मी चिडून तिच्या हातात पाटी दिली, "अशानं जन्मात सापडायची नाही. लिही!" तिनं डोळे पुसून लिहिलं: तांबडी, आखूड शेपटीची, मोडक्या डाव्या शिंगाची, गूळखाऊ. तशी दवंडी पिटली आणि एका व्यापाऱ्याच्या दावणीला ती गाय दिसली. तो गुरगुरला, "अशा लई हायेत." पोरीनं गुळाचा खडा पुढे करताच गाईनं भर बाजारात दावं ताणून तिचा हात चाटला. दुसऱ्या दिवशी वर्गात एकाही पाटीवर 'चांगली' नव्हतं. आता मी थकले आहे. पण तुमच्या बाई कशा होत्या, असं कुणी त्या पोरीला विचारलं, तर तिनं 'चांगल्या' एवढंच सांगून तर बघावं!