न उघडलेला जबाब

सुनेच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. तिने ऑफिसातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, माझी जुनी सीडी आत सरकवली आणि फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी.

"बाबा, करप्ट झालीय ही. द्या टाकून."

"करप्ट नाही. फॉन्ट नाहीये."

हे एवढंच वाक्य मला कचेरीत बोलायचं होतं. बोललो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नव्या शहरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात गावकऱ्यांना भूखंड मिळत, त्या कचेरीत मी कारकून होतो. वारस चौकशीत माणूस सांगेल तो जबाब टाइप करायचा, छापून वाचून दाखवायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा. एकदा सारसोळे गावची एक बाई बाजारातली मासळी विकून थेट आली. भावांनी वारसांच्या यादीत तिचं नावच दिलं नव्हतं.

"भाव बोलतो, साडी घे नि गप ऱ्हा. मना साडी नको. मी हक्क सोडनार नाय. लिवा."

मी लिहिलं. मान मात्र वर करवली नाही. त्याच महिन्यात माझ्या बहिणीने गावच्या घराच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती. बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. मी तिला साडी घेतली होती, भारीतली.

प्रिंटर बंद होता. बाईंना म्हटलं, सुनावणीला याल तेव्हा अंगठा घेऊ. मधल्या दिवसांत माझा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला आणि मराठी फॉन्ट पुसला गेला. सीडीवर ठेवलेल्या फाइली अशाच खिचडी दिसू लागल्या. आम्हा कारकुनांना यात नवीन काही नव्हतं. फॉन्टची फ्लॉपी माझ्याच खणात होती. दहा मिनिटांचं काम.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

बाई उभी राहिली. "मी सांगलंय. या सायबांनी लिवून घेतलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला बहिणीची सही आठवली. मी म्हणालो, "सर, फाइल उघडत नाही. खराब झालीय."

"कागद नाही तर हरकत कसली?" साहेबांनी यादी कायम केली. बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण मी खोटं बोलतोय हे कळलं असावं. भाऊ हसत बाहेर गेले.

बहीण गेल्या वर्षी गेली. तिच्याशी कधी बोललोच नाही त्या सहीबद्दल.

सुनेने जुना फॉन्ट कुठूनतरी शोधून घातला आणि खिचडीची ओळ न् ओळ मराठी झाली. छापलेलं पान घेऊन मी सारसोळ्याला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. बाई आता लेकीकडे राहते. माझी ओळख सांगितली. लेकीने पान मोठ्याने वाचलं. ऐकताना म्हातारीचे ओठ हलत होते.

"माजंच बोलनं हाय," ती म्हणाली. "पन आता याचा काय करू? भावाची चार माळ्यांची बिल्डिंग हाय त्या जागेवर."

मी म्हणालो, "चूक माझी होती."

"चूक नाय. तुमी खोटं बोललाव."

"हो."

"मंग त्ये लिवा. माज्या पोरीला वाटतं, आयशीनं तवा काय मागलंच नाय."

लेक खाली बघत होती. तिने पेन दिलं. पानाच्या मागे मी हाताने लिहिलं: या बाईंनी हक्क मागितला होता. फाइल उघडत होती. मी खोटं बोललो. खाली सही केली. लेकीने तेही वाचून दाखवलं. मग म्हातारीने शाईचा डबा मागितला, घरात नव्हता, तर त्याच पेनाने अंगठा रंगवला आणि पुढच्या बाजूला, जबाबाखाली दाबला.

मला कुणी बसा म्हटलं नाही. मी निघालो.