तिच्या नावाचं फोल्डर

आमच्या गोदामांतल्या मालाची आवक-जावक ज्या प्रोग्रॅमवर चालते, तो तेव्हा आम्ही दोघं सांभाळायचो. मी आणि पडघ्याहून येणारी एक तरुण सहकारी. ती काही महिन्यांच्या बोलीवर लागली होती. तिला कायम करायचं की नाही, हे शेठ दिवाळीनंतर ठरवणार होते. तिचा स्वतःचा लॅपटॉप माझ्या कॉम्प्युटरपेक्षा नवा होता, म्हणून प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती त्याच्यावरच तयार व्हायची.

प्रोग्रॅम अडला की चूक कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीत आहे, ते स्क्रीनवर येतं. आमच्याकडे तिथे फाइलचा अख्खा पत्ता उमटायचा. आधी ड्राइव्ह, मग युजर्स, मग तिचं नाव-आडनाव आणि अगदी शेवटी फाइल. आवृत्ती तिच्या फोल्डरमध्ये तयार झाली होती, म्हणून तिचं नाव. फाइल कोणी लिहिली याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दिवाळीआधीच्या त्या सीझनला अडत होती ती वजनकाट्याचा आकडा वाचणारी फाइल, आणि ती आमच्या दोघांच्याही आधी काम सोडून गेलेल्या माणसाची होती.

काट्यावरच्या लोकांना ओळखीचं आडनाव दिसलं, की पुढचं कोण वाचतो? ट्रक खोळंबला की स्क्रीनचा फोटो ग्रुपवर यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘मॅडमनी गाडी अडवली.’ एकदा ती गेटातून आत येत असताना काट्यावरचा माणूस ड्रायव्हरला म्हणाला, “ये देख, तेरी गाडी रोकनेवाली आ गयी.” तेव्हा ती हसली. पुढे पुढे मागच्या गेटाने येऊ लागली.

मी शेठना समजावून सांगितलं. पत्ता प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजायला लावला, तर त्याच्या आधीचं सगळं गळून पडेल, तिचं नावही. गाळ्याचं उदाहरण दिलं. कंपाउंडमध्ये आलेल्या ड्रायव्हरला आपण डावीकडचा चौथा गाळा एवढंच सांगतो, जिल्ह्यापासून सुरुवात करत नाही. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पन नाव त तिचाच हाय ना?”

“नाव तिचं आहे शेठ, चूक तिची नाही.”

“सीझन जाऊ दे. आता हात लावायचा न्हाय.”

सीझनमध्ये नवी आवृत्ती टाकायची नाही, हा नियम मीच आग्रहाने करून घेतला होता आणि आजही तो मला बरोबर वाटतो. ऐन गर्दीत साठ्याचा आकडा बिघडला तर तो जुळवता जुळवता जीव जातो. काट्याच्या फाइलची दुरुस्तीसुद्धा तिने करून ठेवली होती. तीही तशीच पडून राहिली.

दिवाळी झाल्यावर दोन्ही कामं एका सकाळीतच उरकली. पत्ते छोटे झाले, पण मग माझ्या कॉम्प्युटरवरच्या डीबगरला, म्हणजे चुका शोधायच्या साधनाला, फाइलीच सापडेनात. प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायची खूण, ब्रेकपॉइंट, लावावी तर नुसतं पोकळ वर्तुळ दिसायचं, प्रोग्रॅम थांबायचा नाही. प्रोजेक्टचं फोल्डर या मशीनवर कुठे आहे ते त्याला सांगितलं, तेव्हा कुठे जमलं.

ही धडपड मी एकट्याने केली. सुट्टीच्या आधीच तिने राजीनामा दिला होता. शेठ तिला नाही म्हणाले नव्हते, त्यांनी अजून काही ठरवलंच नव्हतं. मी फोन केला. आता स्क्रीनवर कोणाचंच नाव येत नाही, शेठशी मी बोलतो, परत ये, असं सांगितलं.

“सर, स्क्रीनवरून गेलं. काट्यावर मला अजून गाडी अडवणारी म्हणूनच ओळखतात ना?”

मी खोटं बोललो नाही. हो म्हणालो. मग तिने विचारलं, पत्ते छोटे केल्यावर ब्रेकपॉइंट लागतायत का नीट. लागतायत म्हटल्यावर बरं म्हणाली आणि बस आली म्हणून फोन ठेवला.

तिच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. आवृत्त्या आता माझ्या मशीनवर तयार होतात. वेळ लागतो.