एका तापाचे दोन डास

रक्त तपासणाऱ्या बाईंना दवाखान्यात सगळे ‘सुईबाई’ म्हणत. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांची मान कायमची वाकली होती, जीभ मात्र सरळ होती. त्या सकाळी शिंप्याच्या बायकोच्या रक्तात त्यांना मलेरिया दिसला. डॉक्टरांनी औषध लिहिलं, वर अंगदुखीची जालीम गोळीही लिहिली. पण तिच्या दंडावरचे बारीक लाल ठिपके बाईंना खटकले.

“डॉक्टर, डेंग्यूचीही तपासणी करते.”

“अहो, मलेरिया सापडलाय ना? आता आणखी काय शोधताय?”

“एक डास चावला म्हणून दुसरा रांगेत थांबतो का?”

डॉक्टर चिडले. बाईंनी उरलेलं रक्त तपासलंच. वीस मिनिटांत पट्टीवर डेंग्यूची रेघ उमटली. औषधं घेऊन नवराबायको फाटकापर्यंत पोचले होते. बाई धावल्या.

“दादा, अंगदुखीची गोळी दिलीत?”

“घरी जाऊन देणार होतो.”

“मुळीच नको! डेंग्यूत त्या गोळीनं रक्तस्राव होऊ शकतो. वहिनींना आत आणा.”

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली, चिठ्ठीवरची गोळी रेघोट्या मारून खोडली आणि खाट रिकामी करून घ्यायला स्वतःच उठले.

“प्लेटलेट्स?” त्यांनी जरा ओशाळून विचारलं.

“मोजायला लावल्यात.”