शाकुहाची आणि शेअर रिक्षा

काहीतरी चुकतंय हे पहिल्यांदा कळलं, ते समोरच्या काकू ओल्या हातांनीच आमच्या दारात आल्या तेव्हा. हळूच म्हणाल्या, "कोण गेलं गं?"

कोणीच गेलं नव्हतं! मी शाकुहाची वाजवत होते. जपानी धाटणीची उभी बासरी. बांबूची परवडेना म्हणून पीव्हीसी पाइपची. कुकरच्या शिट्टीलाही मी दचकते, म्हणून डॉक्टर म्हणाल्या होत्या, लांब श्वास सोडायची सवय कर. मी सोडला, तर काकूंना सुतक!

मग मी बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षास्टँडवर वाजवायला लागले. सीटा भरेपर्यंत वेळच वेळ. तेव्हापासून इतके किस्से साठलेत की आई चहाआधी विचारते, "आज काय झालं?"

कंपनीत जाणारे यादवजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, पाइप में कचरा फँसा है. लाओ, फूँक देता हूँ." फुंकलं. गाल फुगले, डोळे लाल, आवाज शून्य. पाइप परत देत म्हणाले, "माल डुप्लिकेट है!"

दिनेशदादा रिक्षावाला मासवणचा. एकदा भात पिकलेलं असताना मला शेतावर घेऊन गेला. मी बांधावर बसून वाजवलं आणि पोपटांचा थवाच्या थवा उडाला. त्याचे बाबा खूश! टोपलीभर काकड्या दिल्या, म्हणाले, "उद्या पन ये गो पोरी. डबा बडवून आमचं हात दुखतात."

घिवलीच्या हिरामावशी मासळी विकायला येतात. एकदा मागून हॉर्न वाजला, मी दचकले, बासरी थेट त्यांच्या बोंबलांत! त्यांनी पदराने पुसून दिली. "घे. आता जरा चव येल तुज्या रडन्याला."

हसतात सगळे. पण 'बंद कर' असं या स्टँडवर मला एकदाही कोणी म्हटलेलं नाही. माझ्यासारखीला हे किती मोठं आहे, ते त्यांना ठाऊकही नसेल.

मागच्या थंडीत मावशींनी रविवारी जेवायला बोलावलं. सकाळी घिवलीला पोचले तर किनाऱ्यावर एवढं धुकं, की पाणी दिसेना. होडी घेऊन मासेमारीला गेलेला मावशींचा मुलगा जयेश आदल्या संध्याकाळीच परतायला हवा होता. फोन लागत नव्हता. हाका मारून मारून बायांचे घसे बसले होते.

"किनारा कुठं हाय तेच कळत नसंल त्याला," एकजण म्हणाली.

मावशी माझ्याकडे वळल्या. या वेळी हसल्या नाहीत. "वाजव."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पहिल्या फुंकरीला नुसती हवा. दुसरीलाही. मावशींनी पाठीवर तळवा ठेवला. "दम घे, बाय."

सूर लागला. मी श्वास सोडला, सोडतच राहिले. थांबले. नुसत्या लाटा. परत वाजवलं. परत लाटा. मावशींचा तळवा माझ्या पाठीवर थंड पडत चालला होता. मी पुन्हा वाजवलं.

आणि धुक्याच्या पार आतून, वैतागलेला आवाज आला,

"आयेऽऽ! कोन मेला गोऽऽ?"