वाटणीत आलेली दाराची फळी

गोंदियाहून अर्जुनीला जाणाऱ्या छोट्या गाडीत एक माणूस बाजाराची पिशवी आणि दाराची एक फळी घेऊन चढला. फळी शेजारी उभी करून त्याने तिला म्हाताऱ्या आईला धरावं तसं धरलं.

"बाजाराला येताना ही कशाला आणली?" मी विचारलं.

"वाटणीत घर भावाले गेलं जी. पर दाराच्या दोन फळ्या होत्या, त्यातली एक मले आली. मांगं ठेवली तर भाऊ बसवन अन् दार लावन. मंग मी जेवाले कोठी जाऊ?"

मला हसू आवरेना. "उघड्या घरात चोर शिरला म्हणजे?"

"कसा शिरन? मी येतवरी भाऊ उंबऱ्यावर बसून राहते ना, मले शिव्या देत."

अर्जुनी आली. फळी डोक्यावर घेऊन तो गर्दीवर खेकसला, "हटा जी! भाऊ उपाशी बसला असन."