एका फोटोने पाडलेला दात

समस्त जनांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या वरच्या ओळीतला समोरचा दात किडीने गेलेला नाही, वयाने तर नाहीच नाही. तो एका फोटोने पाडला. आणि फोटो मीच काढला होता.

वणीत माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात आणि त्यांची बारीक काळी भुकटी टेबलावर, चहात, नाकात येऊन बसते. तिच्याशी मी कधी भांडलो नाही. भांडायचो ते शिकायला आलेल्यांशी. कुणी सोल्डरिंगचा डाग चुकीच्या जागी दिला की स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याच्या बोटांवर बसायची. माझ्याकडे शिकलेला माणूस बोटांवरून ओळखू येतो, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

गेल्या वर्षी झरी जामणीकडच्या एका गावातली बाई माझ्याकडे पंधरा दिवस येऊन बॅटरीवर चालणारे फवारणी पंप दुरुस्त करायला शिकली. तिच्याही बोटांवर मूठ बसली, एकदाच. तिने अशा नजरेने पाहिलं की पुढच्या वेळी उगारलेली मूठ मी माझ्याच गुडघ्यावर मारून घेतली.

गावी जाऊन तिने ओसरीत दुरुस्तीचं टेबल मांडलं. टेबलाची फळी अस्सल सागाची होती, दिराने आपल्या नव्या दारासाठी राखून ठेवलेली. सासूने मध्ये पडून ती सुनेला मिळवून दिली, तेव्हा दिराने सगळ्यांसमोर अट घातली: एक जरी पंप हिच्या हातून जळला, तर टेबल मोडून फळी परत.

तिला आधार म्हणून मी फोटोंची पुस्तिका केली. पंप उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत चोवीस फोटो, मोबाईलवर पाठवलेले. काय सांगू, एकेक फोटो असा जवळून काढला होता की स्क्रू हंड्याएवढा दिसावा. तो पंपाच्या कोणत्या कोपऱ्यातला, हे मात्र माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. नवव्या फोटोत बॅटरीची एक तार सर्किटच्या डाव्या टोकाला जोडलेली दिसत होती. फोटो माझ्या दुकानात, माझ्याच टेबलावर काढलेला. त्यात तार काळी दिसत होती.

फवारणीचे दिवस आले आणि पहिला पंप तिच्या टेबलावर आला. तिने नववा फोटो समोर ठेवला, काळी तार डाव्या टोकाला जोडली, लाल उजव्या, आणि बटण दाबलं.

धाड!

सर्किटवरचा कंडेन्सर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी ती गोल डबी, फुटून उडाला आणि वाकून पाहणाऱ्या पंपमालकाच्या गालावर सणकून बसला. धुरात त्याला वाटलं, शेजारी उभ्या असलेल्या दिरानेच थापड मारली. त्याने उलट अशी ठेवून दिली की दीर ओसरीवरून अंगणात गेला. मग दोघांनी एकमेकांचे सदरे फाडले. बाईच्या तळहाताला भाजलं होतं, पण तिच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने दीर माझ्या दुकानात. एका खांद्यावर जळका पंप, हातात फवाऱ्याची पितळी दांडी, मागे हाताला फडकं बांधलेली वहिनी. नमस्कार वगैरे झाला नाही. पहिली दांडी माझ्या खांद्यावर बसली, दुसरीने भिंगाचा दिवा फुटला. मी हाताला आलेलं जुन्या टीव्हीचं मागचं झाकण त्याच्या डोक्यात घातलं. ते तडकून गळ्यापर्यंत उतरलं. तशाच अवस्थेत, गळ्याभोवती टीव्ही घेऊन, तो बैलासारखा माझ्यावर धावला आणि त्याची टाळू माझ्या तोंडावर आदळली. दात कुठे गेला ते मला दिसलंसुद्धा. सोल्डरच्या डबीत.

आम्ही एकमेकांचे गळे धरून उभे होतो, तेव्हा ती टेबलापाशी होती. ज्याचे फोटो काढले होते तो पंप अजून तिथेच उघडा पडला होता. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि डाव्या टोकाची तार पुसली. पदर काळा झाला. मग दोन्ही पुरुषांच्या मधोमध ती पुसलेली तार आणि नववा फोटो धरून तिने शांतपणे विचारलं,

"उस्ताद, ही तार कोणत्या रंगाची?"

"लाल," मी रक्त गिळत म्हणालो. "हे काय विचारणं झालं?"

"अन् फोटोत?"

मी पाहिलं. फोटोत ती कोळशासारखी काळी होती. इतके दिवस मला ती लाल दिसत होती, कारण ती लाल आहे हे मला माहीत होतं.

दिराने माझा गळा सोडला. पण अट त्याने सोडली नाही. पंप तर जळलाच होता. तेव्हा तिने त्याला एवढंच सुचवलं की आता नवे फोटो काढू, ते पाहून भाऊजींनी स्वतः पंप जोडावा, जमलं नाही तर फळी खुशाल न्यावी. ते बिऱ्हाड माझ्या दुकानात संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसलं.

स्क्रूड्रायव्हर तिने हातात घेतला. आधी पांढरी चादर अंथरली, प्रत्येक तार पुसली. फोटो मी काढायचे, पण समोरून नाही, दुरुस्ती करणाऱ्याच्या खांद्यावरून. आधी अख्खा पंप, मग त्या जागेवर ठेवलेलं बोट, मगच जवळून. काढलेला स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच्या शेजारी. माझी सावली पडली की मूठ माझ्या बोटांवर. चार वेळा पडली. चारही वेळा बसली.

मग दीर मांडी घालून बसला. मानेवर टीव्हीचा ओरखडा, एक कान सुजलेला. आयुष्यात पंपाचं झाकण सोडून त्याने काही उघडलेलं नव्हतं. मी जळक्या सर्किटच्या जागी नवं ठेवलं आणि स्टुलामागे जाऊन उभा राहिलो. ती मात्र जागची हलली नाही. बांधलेला हात छातीशी धरून त्याची बोटं पाहत राहिली. तो एकेक फोटो पुढे सरकवत होता, ओठ हलवत, पिकलेली पपई कापावी तशा सावकाशीने. नवव्या फोटोशी थांबला. लाल तार डावीकडे. काळी उजवीकडे. डोळे मिटून त्याने बटण दाबलं.

पंप गुणगुणायला लागला.

त्याने बटण बंद करून पुन्हा एकदा चालू करून पाहिलं. मग वहिनीकडे न पाहताच पुटपुटला की दाराला कडुनिंबाचंही लाकूड चालते. तिने फडक्याच्या हाताने डोळे पुसले आणि तेवढ्यात त्याची नजर फोटोवरून माझ्या तोंडावर आली.

"हाच फोटो आधी काढला असता तं तुमचा दात वाचला असता ना, उस्ताद."