कोयता म्हणजे काय?
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की तो दुष्काळी हंगाम आठवतो. ऊसतोडीच्या तळावरच्या शाळेत पोरांची बुद्धी तपासायला एक साहेब आलते. त्यांनी माझ्या नातीला विचारलं, "कोयता म्हणजे काय?" ती म्हणाली, "नवरा-बायको." साहेबांसंगं आलेली सगळी हसली. साहेबांनी तिथंच तिला मंद ठरवलं, वर्गातून काढा म्हणाले. मी दारात आडवा आलो. "साहेब, आमी तोडीला जाणाऱ्या जोडप्यालाच एक कोयता म्हणतो. बोली तुमाला येत न्हाई, अन् पोरगी मंद कावून?"  मग साहेबांनी सगळ्यांदेखत आपला शेरा खोडला, नातीची माफी मागितली अन् आमच्या बोलीचा मास्तर सोबत घेऊन तिला पुन्हा तपासलं. नात वर्गातच राहिली. मी दुसरी नापास माणूस, पण त्या दिवशी साहेबाची परीक्षा मी घेतली, अन् आजबी सांगतो, गडी पास झाला!